सील बसवताना

धाकट्या भावाची पिकअप गाडी आठ वर्षांची आहे. टोमॅटोच्या हंगामात ती नारायणगावच्या बाजारातून क्रेट भरून निघते आणि ओतूर, मढ, माळशेज घाट, टोकावडे, मुरबाड असे करीत कल्याणला पोहोचते. या मार्गाची एक अडचण नकाशावर दिसत नाही. भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी गाडी घाट चढते. म्हणजे वजन आणि उतार नेमके एकाच खेपेला वाट्याला येतात. त्यामुळे मागच्या डाव्या टायरच्या आतल्या कडेवर काळपट, ओला ओघळ दिसू लागला आणि ब्रेक दाबल्यावर गाडी किंचित उजवीकडे ओढू लागली, तेव्हा भावाने एक खेप सोडून दिली आणि गाडी गॅरेजला लावली. ऐन हंगामात खेप सोडणे म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या ओघळाचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होते. गाडी झाल्यावर आम्हा दोघांना पुढे जुन्नरला जायचे होते, म्हणून मीही गॅरेजात जाऊन बसले. सोबत सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. प्रश्न होता नारायण सुर्वे यांच्या कवितेतील श्रमजीवी जाणिवेचा. दहा-बारा उत्तरे वाचून झाली तेव्हा ध्यानात आले की प्रत्येकात ‘घाम’ हा शब्द आहे. कुणी घामाला शब्द दिले म्हणतो, कुणी घामाचे मोल जाणले म्हणतो, एकीने तर घामाचे सौंदर्यशास्त्र असा शब्दप्रयोग केला होता (तिला मी एक गुण अधिक दिला). मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ही भाषा मार्गदर्शकांतून येते आणि मार्गदर्शकांत ती समीक्षेतून येते. सुर्व्यांचा कामगार बोलतो, भांडतो, हिशेब करतो, वाचतो. उत्तरपत्रिकेत शिरेपर्यंत मात्र त्याचा केवळ घाम उरतो.

आणि समोर मिस्त्री काम करीत होते. कार्तिकातली सकाळ होती, हवेत गारवा होता, आणि पुढच्या तीन-साडेतीन तासांत मिस्त्रींना घाम असा आलाच नाही. जे चालले होते ते मुख्यतः विचार करण्याचे काम होते. ते मी जितके समजू शकले तितके येथे नोंदवून ठेवते आहे.

चाक आणि ड्रम काढल्यावर आतला सगळा भाग तेलाने माखलेला दिसला. भावाचे निदान तयार होते, ‘सील गेलं.’ मिस्त्रींनी ते ऐकून घेतले आणि मान्य केले नाही. चाकात ओल येण्याची दोन कारणे असू शकतात. एक, ब्रेक चालवणाऱ्या व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल झिरपत असेल. दोन, मागच्या धुऱ्याच्या नळीतून, म्हणजे हाऊसिंगमधून, गिअर ऑइल बाहेर येत असेल. दोन्ही वेळा लायनर भिजतात आणि ब्रेक कमजोर होतो. लक्षण एक, व्याधी निरनिराळ्या. मिस्त्रींनी बोट ओलीवर फिरवले, अंगठ्यावर चोळले, नाकाशी नेले. मग तेच बोट पाण्याच्या बादलीत बुडवून मलाही दाखवले. ब्रेक ऑइल असते तर ते पाण्यात मिसळून बोट स्वच्छ झाले असते. हे चिकट तसेच राहिले आणि पाण्यावर तवंग आला. वासही गंधकाचा, कुबट. गिअरच्या दातांवर पडणारा प्रचंड दाब सोसण्यासाठी या तेलात गंधकाची संयुगे घातलेली असतात, त्यांचा तो वास. व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून पाहिली तर आत कोरडे ठणठणीत. एवढे झाल्यावर मिस्त्री म्हणाले, ‘हां, आता म्हण सील गेलं.’

निष्कर्ष तोच निघाला, पण आधीचे ‘सील गेलं’ आणि नंतरचे ‘सील गेलं’ ही दोन विधाने एक नव्हेत, हे साहित्याच्या अभ्यासकांना पटवून द्यावे लागू नये.

ज्या गाड्यांमध्ये मागचे चाक थेट धुऱ्याच्या दांड्यावर बसवलेले असते, त्या प्रकारची ही गाडी. मधल्या डिफरन्शियलपासून दोन्ही बाजूंना दोन पोकळ नळ्या जातात आणि त्यांतून दोन दांडे, म्हणजे एक्सल, चाकांपर्यंत येतात. डिफरन्शियलमध्ये तेल लागतेच. तेच तेल नळीतून वाहत टोकापर्यंत येते. टोकाला बेअरिंग, आणि बेअरिंगच्या आतल्या अंगाला हे सील. त्याच्या पलीकडे ब्रेक. म्हणजे एका हाताच्या अंतरात दोन परस्परविरोधी गरजा शेजारी नांदतात. इकडे घर्षण असता कामा नये म्हणून तेल हवे; तिकडे घर्षण झालेच पाहिजे म्हणून तेलाचा थेंब नको. या दोघांमध्ये उभी असते ती रबराची एक पातळ कड.

गाडीची ती बाजू जॅकने अधिक उंच उचलली होती, ती काही केवळ चाक काढण्यापुरती नव्हे. त्यामुळे आतले तेल दुसऱ्या बाजूला कलते आणि एक्सल बाहेर काढताना कमी सांडते. जॅकवर भरवसा न ठेवता चेसीखाली लोखंडी घोडी लावली, पुढच्या चाकांना दगड लावले. एक्सलच्या चाकाकडच्या चकतीला एक भोक असते. चकती फिरवत फिरवत त्या भोकातून आतले चार नट एकेक करून सोडवायचे. मग दांड्यावर सरकणारा जड ठोकळा जोडून उलट्या दिशेने चार-पाच ठोके. एक्सल बेअरिंगसकट बाहेर आला. मिस्त्रींनी बेअरिंग कानाशी धरून हाताने फिरवले, डोळे मिटले, पुन्हा फिरवले. ‘ह्याला काही झालं नाही.’ आणखी एक खर्च वाचला.

जुने सील मी हातात घेऊन पाहिले. बाहेर पत्र्याची कडी, तिच्यावर चढवलेले रबर, आत वळलेला ओठ (इंग्रजीतही त्याला ओठच म्हणतात), आणि त्या ओठाच्या पाठीमागे बारीक तारेची गोल स्प्रिंग, जी ओठाला दांड्यावर आवळून धरते. ओठ नखाने दाबला तर दबेना. रबर कडक होऊन त्याला बारीक चिरा गेल्या होत्या. या गाडीचे चाक एका किलोमीटरला ४५० च्या आसपास फेरे घेते. म्हणजे १०० किलोमीटरच्या एका खेपेत ४५,००० फेरे, आणि तेवढे सगळे या ओठाला घासून. हे कळल्यावर सील गेले कसे यापेक्षा ते इतकी वर्षे टिकले कसे हा प्रश्न पडतो.

त्याचे उत्तर विलक्षण आहे. ओठ दांड्याला खरे म्हणजे घासतच नाही. दोघांच्या मध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात मोजावा असा. ओठ त्या पापुद्र्यावर तरंगतो. तो पापुद्रा नसेल तर रबर कोरडे घासून थोड्या वेळात करपते. तो जाड झाला तर तेल बाहेर येते. तेल अडवण्यासाठी ठेवलेल्या वस्तूला जगण्यापुरते तेल मिळावे लागते. म्हणूनच नवे सील बसवण्यापूर्वी मिस्त्रींनी त्याच्या ओठाला बोटाने ग्रीस लावले.

ज्यांच्या घरी वातीऐवजी पंपाचा स्टोव्ह होता, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. त्या पंपाच्या दांड्याला चामड्याची वाटी असायची, आमच्याकडे तिला वायसर म्हणत. पंप हवा भरेनासा झाला की आई तो बाहेर काढून वायसरला खोबरेल तेलाचा थेंब द्यायची आणि कडा बोटांनी बाहेर फाकवायची. कोरडे चामडे हवा अडवीत नाही, तेल प्यालेले अडवते. धुऱ्याच्या सीलची वंशावळही चामड्यातूनच येते. १९२९ मध्ये जर्मनीतील फ्रॉइडनबर्ग या चामडे कमावणाऱ्या कंपनीने फिरत्या दांड्यासाठी चामड्याचे सील बाजारात आणले. वाल्टर झिमर या अभियंत्याच्या नावावरून त्याला झिमररिंग म्हणतात. रबर पुढे काही वर्षांनी आले. मिस्त्रींना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे आमचं गॅरेज आणि मोटेचं दुकान एकच की, मॅडम.’

यानंतर जे घडले त्यासाठी हा लेख लिहिते आहे. मिस्त्रींनी एक्सल कापडाने पुसला आणि ज्या जागी सीलचा ओठ बसत होता तेथे नख आडवे ओढले. नख अडकले. मलाही ओढायला लावले. डोळ्यांना दिसेल न दिसेल असा एक चर दांड्याच्या सभोवार पडला होता. मऊ रबराने पोलाद कापले होते. अर्थात रबराने नव्हे, त्याच्या ओठाखाली अडकलेल्या बारीक धुळीने. आता नवे सील जुन्याच जागी बसवले तर त्याचा नवा ओठ त्या चरात पडणार आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा ओघळ. एक्सल नवा घ्यावा तर त्याचा खर्च मोठा, शिवाय तो पुण्याहून मागवावा लागणार, म्हणजे आणखी दोन खेपा बुडणार.

मिस्त्री थोडा वेळ काहीच करीत नव्हते. चहा आला, तो त्यांनी घेतला. मग पॉलिश पेपरने चराच्या कडा हलकेच मारल्या, हाऊसिंगच्या तोंडात बोट घालून सीलचे घर चाचपले, पट्टीने बेअरिंगपर्यंतचे अंतर मोजले आणि म्हणाले, ‘दीड-दोन मिली अलीकडे बसवू.’ सील घरात पूर्ण तळापर्यंत न नेता दीड-दोन मिलिमीटर बाहेर ठेवले तर ओठ चर सोडून कोऱ्या पोलादावर येतो. पण त्याहून बाहेर ठेवले तर सील बेअरिंगला टेकेल. आणि वाकडे बसले तर सगळेच व्यर्थ. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत यातले काही नसते. पुस्तिका सील किती खोल बसवावे ते सांगते आणि एक्सल कोरा आहे असे गृहीत धरते.

भाऊ म्हणाला, ‘मग ठोका आता.’ मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिले. ‘सील ठोकत नसतात. ठोकतात ते नगरपालिकेचं. हे बसवायचं असतं.’ सीलच्या कडीइतक्याच व्यासाचा नळीचा तुकडा त्यांनी कपाटातून काढला, तो सीलवर सरळ धरला आणि हातोडीने टिचक्या मारल्यासारखे मारत, दर दोन टिचक्यांनंतर थांबून चारही बाजूंनी पट्टी लावून पाहत, सील आत नेले. शेवटच्या टिचकीनंतर आवाज बदलला नाही. तळाला लागल्यावर तो बदलतो, एरवी हाच आवाज ऐकायचा असतो. आज तो ऐकू येण्यापूर्वी थांबायचे होते. कोठे थांबायचे हे हाताला ठाऊक असणे म्हणजे काय, ते मी त्या क्षणी पाहिले असे म्हणते, आणि त्यापुढे विशेषणे लावीत नाही.

मधल्या काळात एक भांडणही झाले. तेलाने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन, वाळवून, पॉलिश पेपर मारून पुन्हा वापरावे असे भावाचे म्हणणे. बरेच जण तसे करतात. मिस्त्रींचे म्हणणे, लायनर तेल पितात. वरून धुतले की कोरडे दिसतात, आणि घाटात तापले की पोटातले तेल पुन्हा पृष्ठभागावर येते. म्हणजे नेमके जेथे ब्रेक हवा तेथे तो जाईल. शिवाय एकाच बाजूचे बदलून भागत नाही. दोन्ही चाकांची पकड सारखी हवी म्हणून दोन्हीकडचे बदलायचे. भाव पडलेला, डिझेलचा खर्च, गाडीचा हप्ता अशी सगळी यादी भावाने ऐकवली. मिस्त्रींचा आवाज चढला नाही. ‘लायनर नको असतील तर एक्सल घालून देतो, मजुरी नको, गाडी घेऊन जा. माळशेज उतरलेली गाडी माझ्या हातची होती असं मला नाही म्हणायचं.’ लायनर आले. दोन्ही बाजूंचे.

आणि तरीही मूळ प्रश्न उरलाच होता, कारण सील आठ वर्षांचे म्हणून गेले एवढ्यावर मिस्त्रींचे समाधान नव्हते. ते गाडीखाली गेले आणि हाऊसिंगच्या पाठीवरची एक लहानशी टोपी पिळून काढून आणली. ब्रीदर. गाडी चालताना आतले तेल तापते, हवा फुगते, ती या टोपीतून बाहेर जाते. गाडी निवली की परत आत येते. टोपी चिखलाने गच्च बसली होती. हवेला वाट नाही म्हटल्यावर ती तेलाला सीलच्या ओठावर रेटत राहिली. ब्रीदर रॉकेलने धुतला, फुंकून पाहिला, लावला. त्याला काही खर्च नाही. तो तसाच राहिला असता तर नव्या सीलचेही तेच झाले असते.

हाऊसिंगचे ते रिकामे तोंड पाहताना एक व्युत्पत्ती आठवली. ऋग्वेदात ‘सुख’ हे रथाचे विशेषण म्हणून येते. ‘ख’ म्हणजे छिद्र, पोकळी. त्यावरून ज्याच्या चाकाचे आस घालायचे भोक चांगले आहे, जो खडखड न करता सुरळीत चालतो तो रथ ‘सुख’, असा अर्थ लावला जातो. मोनियर-विल्यम्सच्या कोशात ही व्युत्पत्ती आहे, आणि ‘सुस्थ’पासून तो शब्द आला असण्याची शक्यताही तेथेच नोंदवली आहे, तेव्हा फार हुरळून जाण्याचे कारण नाही. मराठीतला ‘आस’ मात्र निःसंशय संस्कृत ‘अक्ष’चा, आणि इंग्रजीतला ‘अॅक्सल’ त्याच घराण्यातला दूरचा भाऊ. मिस्त्री ज्याला एक्सल म्हणतात त्याला त्यांचे आजोबा आस किंवा कणा म्हणत असतील आणि बैलगाडीखाली वंगणाचा नळा टांगत असतील. शब्द परका झाला असे आपण म्हणतो. तो फार तर लांबच्या वाटेने घरी परत आला आहे.

परंतु असे म्हणताना मी नेमके तेच करते आहे जे आपण सारे करतो: काम सोडून शब्दाकडे, आणि शब्दाकडून रूपकाकडे. मराठीत व्यवसायांची भाषा नाही असे मुळीच नाही. नरहरी सोनार, गोरा कुंभार, सावता माळी यांनी आपापल्या कामाचे शब्द अभंगांत आणले आणि ते नेमकेपणाने आणले. मात्र तेथे काम परमार्थाचे वाहन आहे. आणि आपण शिकवताना वाहनातून लवकर उतरून मुक्कामाविषयी बोलू लागतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ग्रंथाला ‘गांव-गाडा’ असे नाव दिले. बलुतेदारांचे हक्क, त्यांचे देणे-घेणे, त्यांची गाऱ्हाणी यांचे त्यातले वर्णन अजोड आहे. सुताराने आस कसा पारखला हा त्या ग्रंथाचा विषय नव्हे. पुढे श्रमजीवींचे साहित्य आले तेव्हा प्रश्न न्यायाचा होता, आणि तो तसाच असायला हवा होता. या सगळ्यात एक जागा रिकामी राहिली. काम करताना माणूस जो निर्णय घेतो, एक शक्यता बाजूला ठेवून दुसरी निवडतो, थांबतो, त्याचे वर्णन आपल्याकडे अगदी थोडे आहे. आपण कामगाराला हृदय दिले, हात दिले, घामही दिला. दीड मिलिमीटर अलीकडे थांबण्याची बुद्धी द्यायची राहून गेली.

‘याला भाषाच नाही’ असे कुणी म्हणेल तर ते खरे नाही. त्या सकाळी मी कानांनी ऐकलेले शब्द असे: लायनर तेल पितो, सीलचे घर, बेअरिंग बोलते, नट रुसला, एक्सल चाटला गेला. यातला प्रत्येक शब्द नेमका आहे. ‘चाटला गेला’ म्हणजे झिजला नव्हे, तुटला नव्हे, तर वरच्यावर थोडासा गेला, तेवढेच. पारिभाषिक कोश करणाऱ्यांना एवढ्या अर्थासाठी तीन शब्दांचा समास करावा लागेल.

एक्सल परत घालताना दांडा नव्या सीलच्या ओठाला लागू नये म्हणून मिस्त्रींनी तो दोन्ही हातांवर तोलून, तान्हे मूल न्यावे तसा आत नेला. (ही उपमा टाळता आली नाही.) नट आवळले, ड्रम पेट्रोलने पुसला, लायनर जुळवले. गाडी समतल करून डिफरन्शियलच्या बुचातून तेल भरले. ते त्याच भोकातून बाहेर वाहू लागेपर्यंत भरायचे असते. ब्रीदरची टोपी एकदा पुन्हा बोटाने हलवून पाहिली.

बिल वहीच्या कागदावर लिहिले होते: सील १, लायनर सेट १, गिअर ऑइल, पेट्रोल, आणि शेवटी मजुरी. बोटाचा वास घेणे, नख ओढणे, चहा घेताना गप्प बसणे, दोन मिली अलीकडे थांबणे, ब्रीदर शोधणे, हे सगळे त्या शेवटच्या एका शब्दात होते, आणि त्याची रक्कम लायनरच्या निम्म्याहून कमी होती. भावाने तीही थोडी कमी करून घेतली.

उरलेल्या उत्तरपत्रिका मी रात्री तपासल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी भरून गेली. घाट उतरल्यावर थांबून दोन्ही मागचे ड्रम बघ, असे मिस्त्रींनी बजावले होते. हात लावू नको, नुसता जवळ ने. साडेसातच्या सुमारास टोकावड्याहून भावाचा फोन आला. दोन्ही सारखेच तापले होते आणि टायर आतून कोरडा होता. कल्याणला भाव आणखी पडल्याचे त्याने संध्याकाळी सांगितले.